पायांशी ओल

चढाच्या दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकला, आणि नाडीबुवांनी तो आपण पाहिलाच नाही असं स्वतःला बजावलं. माणूस एकदा आपल्याच डोळ्यांना फितवायला लागला, की पुढचं सगळं कठीण.

शेजारच्या सीटवर त्यांची बायको पुढे वाकून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून बसली होती. मागे टेकलं की तिला धाप लागत होती. तिच्या किडन्यांनी दोन वर्षांपूर्वीच हात टेकले होते. आठवड्यातून तीन वेळा शहरातल्या केंद्रात जायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं, रक्त धुवायचं, अंगात साठलेलं पाणी काढून टाकायचं. तेवढ्यावर तिचा दिवस उगवत आणि मावळत होता. परवाची पाळी चुकली होती. परवा हीच गाडी गल्लीच्या तोंडाशीच उकळली, आणि ती दुरुस्त होईपर्यंत वेळ टळून गेली. डॉक्टर फोनवर हळू आवाजात म्हणाले होते, "एक चुकली ती चुकली. दुसरी चुकवू नका. पाणी छातीत चढलं तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

आज अकराची वेळ होती. पावणेदहा झाले होते.

"काटा वर गेलाय," बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

"नाही, तुमचं लक्ष आपलं काचेकडे, म्हणून म्हटलं."

लक्ष काचेकडे होतं ते खरं. पुढची काच आतून सारखी धुरकट होत होती आणि नाडीबुवा एका हाताने ती फडक्याने पुसत होते. "तुझ्याच श्वासाची वाफ धरतेय ही. जरा तोंड फिरवून श्वास घे की."

"बरं," ती म्हणाली आणि खरंच तोंड खिडकीकडे फिरवून बसली. वाद घालायलाही श्वास लागतो, आणि तिच्याकडचे श्वास मोजके होते.

बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली होती त्यांनी. इंजिनावर नुसता तळवा ठेवून आतलं दुखणं सांगायचे, म्हणून तिथल्या लोकांनी नाडीबुवा हे नाव पाडलं ते कायमचं चिकटलं. काल दिवसभर त्यांनी या गाडीची नाडी पाहिली होती. रेडिएटरचा वरचा पाइप बदलला. झाकण नवीन घातलं. क्लिपा आवळल्या. पाणी भरून, इंजिन तासभर चालवून, रात्रभर गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा ठणठणीत कोरडा. मुलीने फोन करून सांगितलं होतं, "बाबा, उद्या भाड्याची गाडी करा. आईच्या बाबतीत परीक्षा नको." त्यावर ते म्हणाले, "माझ्या हाताखालून हजार इंजिनं गेली, पोरी. तू तुझं घर बघ."

तिसऱ्या वळणावर, चढ संपता संपता, बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ उसळली. काटा लाल पट्टीत जाऊन आडवा झाला. नाडीबुवांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं तरी आत काहीतरी खदखदत राहिलं.

रस्ता रिकामा होता. सगळी वाहतूक खालच्या नव्या रस्त्याने जायची. हा जुना रस्ता त्यांनी मुद्दाम धरला होता, सावकाश चालवता येईल, मागून कुणी भोंगे वाजवणार नाही म्हणून. आता भोंग्यासाठी कान तरसत होते.

त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. तासाभरात येईल, त्याआधी जमणार नाही. मग केंद्रात लावला. तिथली सिस्टर ओळखीची होती.

"काका, साडेअकरापर्यंत मी मशीन अडवून धरते. त्यानंतर पुढचा पेशंट लावावाच लागेल मला. त्यांचाही जीवच आहे ना?"

"आहे, बाई, आहे."

"काकींना आडवं झोपवू नका. आणि पाणी? पाणी किती घेतलं त्यांनी?"

नाडीबुवांनी बायकोकडे एक नजर टाकली. "ते तिलाच विचारा तुम्ही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बायकोने ऐकलं. पण ऐकलं असं दाखवलं नाही.

ही अढी आठवडाभराची होती. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधाचे घोट, असं तिला बांधून दिलेलं होतं. तिने ते नेमासारखं घेतलं होतं. एक लहानशी वाटी ठरवलेली. सकाळी उठल्यावर देवापुढे हात जोडायचे आणि मग दिवसाचं पाणी बाटलीत मोजून घ्यायचं. बाटली संपली की दिवस संपला. दोन वर्षं तो नेम तिने मोडला नव्हता. पण गेल्या आठवड्यात गाडी धुताना नाडीबुवांना तिच्या सीटपुढचा गालिचा ओला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला. त्यांनी मनाशी हिशेब मांडला आणि तिला विचारलं, "बाटली दोनदा भरतेस का गं? सांडतेस किती, पितेस किती?" ती म्हणाली, "मी नाही सांडलं." ते म्हणाले, "मग काय गाडीने मुतलं?" ती हसली नाही. नेम करणाऱ्याला भूक सोसते, तहानही सोसते. त्याच्या नेमावर कुणी शंका घेतली की ती मात्र खाली उतरत नाही, घशाशी अडकून बसते.

नाडीबुवांनी बॉनेट उघडलं. गरम झाकणाला हात लावायचा नाही, हे त्यांनी तीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला कान धरून शिकवलं होतं. आज त्यांनी फडकं दुमडलं, झाकणावर टाकलं आणि फिरवलं. वाफेचा फवारा मनगटावर आला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर ती गाडीतून उतरली असती.

"काका! शिजवताय काय गाडी?"

वळणावरून एक माणूस येत होता. खांद्यावर फावडं, अंगावर डांबराचे डाग. पुढच्या वळणावर खड्डे बुजवायला त्याला एकट्याला सोडलं होतं. मुकादमाचा टेंपो बाराला परत येणार होता.

"बाराला उपयोग नाही रे बाबा," नाडीबुवा म्हणाले. "पाणी आहे का?"

"पिंपभर आहे. खडीवर शिंपायचं. चालेल?"

"चालेल. धावेल. आण."

रस्तेवाल्याने दोन कॅन आणले. तोवर नाडीबुवा मनगटाला फुंकर घालत एकेक जागा तपासत होते. रेडिएटर बाहेरून कोरडा. वॉटर पंपाच्या खालचं छिद्र कोरडं. काल बदललेला पाइप नव्या नवरीसारखा स्वच्छ. ते जमिनीवर पालथे पडले, गाडीखाली डोकं घातलं. एक थेंब नाही. मग त्यांनी इंजिनमधल्या ऑइलची पट्टी ओढून काढली. हेडखालची गॅस्केट फुटली असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरतं, ऑइल दुधाळ होतं, आणि मग रस्त्यावर काही होत नाही. मग इंजिन खोलायचं. दोन दिवस.

देवा, काळं असू दे. काळंच असू दे.

पट्टीवरचं ऑइल काळं होतं.

इंजिन जरा निवल्यावर त्यांनी थोडं थोडं करत चार लिटर पाणी ओतलं आणि झाकण न लावता गाडी सुरू केली. बुडबुडे येतात का बघितलं. नाहीत. मागे जाऊन धुराड्याशी हात धरला. पांढरा धूर नाही. परत येऊन पाहतात तर रेडिएटरमधलं पाणी दोन बोटं खाली गेलेलं. जमीन मात्र कोरडी.

"जातंय कुठं हो हे?" रस्तेवाला डोकं खाजवत म्हणाला. "भुताने प्यायल्यासारखं."

"तेच कळेना." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हे दोन शब्द परक्या माणसापुढे उच्चारले.

दहा वाजून वीस मिनिटं. वीस मिनिटांची उतरण आणि वीस मिनिटांचा सपाट रस्ता, म्हणजे फार तर अर्धा तास त्यांच्या हातात होता. तळवा इंजिनावर ठेवून ते तसेच उभे राहिले. इंजिन हाताशी काही बोललं नाही. नाडी लागत नव्हती. चाळीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला ती बाई आत श्वास मोजत बसली आहे, आणि आपल्याला साधी गळती सापडत नाही! भाड्याची गाडी केली असती तर आत्ता ती मशीनच्या खुर्चीत असती. मुलीला काय सांगायचं? परीक्षा नको म्हणाली होती. परीक्षाच घेतली आपण, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावर.

"अहो," आतून हाक आली. "जरा या."

त्यांनी दार उघडलं. तिचे ओठ निळसर दिसत होते. "मोजे काढा माझे. जड झालेत."

ते खाली बसले. मोजे भिजून चिंब होते. पायाखालची रबरी चटई त्यांनी उचलली, तर खालचा गालिचा स्पंजासारखा टम्म फुगलेला. बोट दाबताच पाणी वर आलं. आणि नाडीबुवांचा, एवढ्या वेळचा, स्वतःवरचा राग वाट मिळताच तिच्यावर धावला.

"आजसुद्धा? अगं, आजसुद्धा? छातीत पाणी चढलंय आणि तू... कुठाय ती बाटली?"

मांडीवरची पिशवी तिने उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. "शोधा."

पिशवीत फाइल होती. औषधांची पुरचुंडी, टॉवेल, चष्म्याचं घर. बाटली नव्हती.

"घरीच ठेवली," ती म्हणाली. दोन श्वास घेतले आणि मग पुढचं वाक्य उचललं. "तुम्ही बोललात त्या दिवसापासून गाडीत घेतच नाही मी. सकाळची वाटी पिते. मग रात्री एक. म्हटलं, ह्यांच्या डोळ्यांसमोर पाणीच नको."

नाडीबुवा तिच्या पायांशी उकिडवे बसून होते. हातात ओला मोजा होता. आणि त्या मोज्याकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं, की तो गरम आहे.

कोमट नाही. गरम.

"हे पाणी गरम आहे गं."

"असतंच की दर वेळी. सुन्न पायांना तेवढीच जरा ऊब लागायची. बरं वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पुन्हा बाटलीच काढली असती तुम्ही."

हीटर! इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी पाइपांतून आत येतं, पुढच्या कप्प्यामागे हीटरची एक लहान जाळी असते तिच्यातून फिरतं आणि परत जातं. ती जाळी आतून कुजली होती. म्हणून पुठ्ठा कोरडा, म्हणून जमीन कोरडी. गाडी बाहेर गळतच नव्हती; ती आत गळत होती, थेट तिच्या पायांवर. काचेवरची वाफही तिच्या श्वासाची नव्हती, त्याच जाळीची होती. पाण्याऐवजी रंगीत कूलंट घातलं असतं तर गालिच्यावर हिरवा डाग दिसला असता, वास आला असता, शेंबडं पोरही ओळखतं. पण सहा महिन्यांपूर्वी कूलंट संपलं तेव्हापासून नाडीबुवा नळाचं पाणी ओतत होते, आज आणू उद्या आणू म्हणत. साध्या पाण्याने जाळी खाल्ली, आणि साध्या पाण्याने साक्षही पुसून टाकली. कारखान्यात एखाद्याने असं केलं असतं तर त्याला चारचौघांत उभं करून नाडीबुवांनी त्याची सालटी काढली असती.

बोलायला वेळ नव्हता. हीटर तोडायचा, पाणी जाळीत जाऊच द्यायचं नाही, की गाडी धावेल.

"दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडायचे," त्यांनी रस्तेवाल्याला सांगितलं. "मधे घालायला नळीचा तुकडा पाहिजे. अंगठ्याएवढा जाड. धातूचा."

दोघांनी डिकी उपसली. जॅकचा दांडा भरीव निघाला. प्लॅस्टिकचं पेन मिळालं, ते उकळत्या पाण्यात मेणासारखं वाकलं असतं. रस्तेवाला पिंपापर्यंत धावत जाऊन आला. त्याच्या हातात लोखंडी पाइपाचा तुकडा होता, मनगटाएवढा जाड.

"हा नाही चालायचा का?"

"हत्तीच्या गाडीला चालेल," नाडीबुवा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मधेच फाटला.

"अहो," बायकोने दारातून काठी बाहेर काढली. चालताना टेकायची ॲल्युमिनियमची काठी, उंची कमीजास्त करता येणारी. "हिची खालची नळी बारीक आहे. कापा."

"आणि तू चालशील कशी?"

"पोचले तर चालायचा प्रश्न. कापा म्हटलं ना."

काठीचं रबरी बूड उपटून त्यांनी नळी पाइपाच्या तोंडाशी धरली. किंचित जाड होती. गरम रबर ताणून बसलं असतं. करवतीचं नुसतं पातं होतं, मूठ नव्हती. रस्तेवाल्याने काठी गुडघ्याखाली दाबून धरली आणि नाडीबुवा पातं फडक्यात धरून कापू लागले. उंचीसाठी पाडलेली भोकं टाळायची होती. एक जरी भोक तुकड्यात आलं असतं तर सगळं फुकट. भाजलेल्या मनगटावरची कातडी सुटत होती. एकदा पातं निसटून बोटाला लागलं.

"काका, मी कापतो."

"तू धर. नीट धर. हलू देऊ नकोस."

बोटभर तुकडा सुटून खाली पडला. त्याच्या कडा त्यांनी दगडावर घासल्या. हीटरचे पाइप ज्या पत्र्यातून आत जातात तिथवर हात जेमतेम जात होता. पहिली क्लिप सुटली. दुसरी गंजून बसली होती. त्यांनी तिला शिवी दिली, मग देवाची क्षमा मागितली, मग पुन्हा शिवी दिली, तेव्हा ती सुटली. तापलेलं पाणी बाहीतून कोपरापर्यंत घुसलं. पाइपाचं एक टोक तुकड्यावर चढलं, दुसरं चढेना. फिरवून, दाबून, दात खाऊन... चढलं. क्लिपा आवळल्या. स्क्रू ड्रायव्हर दोनदा घसरला.

पाणी भरलं. इंजिन सुरू केलं. जोडावर एक थेंब जमला. नाडीबुवांनी क्लिप अर्धा आटा आणखी फिरवली. थेंब वाळला, नवा आला नाही.

"दहा पंचावन्न," रस्तेवाला म्हणाला. त्याने भरलेले दोन्ही कॅन मागच्या सीटवर ठेवले. "कॅन परत आणायचे नाहीत. काकी, हे पाणी गाडीसाठी आहे बरं का, तुम्ही नजर नका लावू."

"माझी नजर दोन वर्षं पाण्यावरच आहे रे," ती म्हणाली, "पण हात लावत नाही." आणि हे बोलताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

उतारावर काटा खाली राहिला. सपाटीला लागल्यावर तो एकदा झपकन वर उडाला. पाइपात अडकलेली हवा असेल, असेलच, त्यांनी मनाशी म्हटलं, पण या वेळी काट्यावरची नजर चोरली नाही. काटा थरथरला आणि मधल्या रेघेवर येऊन थांबला. काच स्वच्छ होती. आत थंडी बोचत होती, हीटर नव्हता. त्यांनी आपला कोट काढून तिच्या उघड्या पायांवर टाकला.

"ऐकतेस का?"

तिने मान हलवली. शब्द आता तिला परवडत नव्हते. प्रत्येक श्वासाला आतून बारीक घरघर ऐकू येत होती. नाडीबुवांनी आयुष्यभर आवाज ऐकून रोग सांगितले होते. हा आवाज ऐकून त्यांनी पुढचं काही सांगायचं सोडून दिलं आणि गाडी जेवढी धावेल तेवढी धावू दिली. दोन सिग्नल त्यांनी तोडले. तिसऱ्याला समोर शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. तिथे थांबावं लागलं, आणि ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून पुटपुटत राहिले. काय पुटपुटले ते त्यांनाही आठवलं नसतं.

केंद्राच्या दारात गाडी लागली तेव्हा अकरा सदतीस झाले होते.

सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन पायरीवरच उभी होती. तिच्या मागे बाकावर एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून बसले होते. पुढचे पेशंट तेच.

"गेली का वेळ?" नाडीबुवांनी विचारलं.

"मशीन धुवायला लावलंय," सिस्टर म्हणाली. "आज जरा जास्तच धुवून निघालं ते. चला लवकर." बाकावरच्या गृहस्थांनी बाही खाली केली.

खुर्ची आत गेली. तिला वजनाच्या काट्यावर उभं करायचं होतं; किती पाणी काढायचं ते त्यावर ठरतं. काठी नव्हती. नाडीबुवांनी दोन्ही दंड धरले आणि ती त्यांच्या छातीवर रेलून उभी राहिली. त्यांची बाही रक्ताने आणि गंजक्या पाण्याने भिजलेली होती.

"वजनात तुमचा हात नको, काका. क्षणभर सोडा," सिस्टर म्हणाली. मग सवयीने विचारलं, "पाणी किती घेतलं? परवापासून?"

बायकोने तोंड उघडलं, पण त्याआधी नाडीबुवा बोलले. काट्यावरचा आकडा अजून स्थिर झाला नव्हता.

"नेमापेक्षा कमी. थेंबभरही जास्त नाही. माझं लिहून घ्या. मीच आठवडाभर तिच्यावर खोटा आळ घेत होतो."

सिस्टरने मान वर करून पाहिलं. तिला काही कळलं नाही, आणि विचारायला वेळही नव्हता. नाडीबुवांनी दंड सोडले. ती एकटी उभी राहिली, एक श्वास, दोन श्वास, तीन. मग झोकांडी गेली आणि त्यांनी तिला धरलं.

"झालं," सिस्टर म्हणाली. "मिळालं वजन. बसवा खुर्चीत."

मशीनच्या नळ्या लागल्या. रक्त त्यांतून फिरू लागलं. नाडीबुवा खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसले आणि नकळत प्रत्येक जोडाकडे बघू लागले, इथून तिथून, पुन्हा इथून.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. "नका बघू," ती पुटपुटली. "ह्याची गळती बघायला माणसं आहेत इथे."

"मी चुकलो गं."

तिने नुसता तळवा उलटा करून खुर्चीच्या हातावर ठेवला. नाडीबुवांनी त्यावर आपला हात ठेवला. आपल्याच भाजलेल्या मनगटाची आग त्यांना तेव्हा पुन्हा जाणवली. घरघर अजून थांबली नव्हती. सिस्टर म्हणाली होती, तासाभराने कळेल. ते बोटं न हलवता, तिच्या मनगटात ठोके पडत होते ते मोजत बसले.